एका रकान्याचा इतिहास

1974 सालच्या जानेवारी महिन्यात, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या सरोवरकाठच्या लहानशा गावातून, तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी विक्रीस निघाली. तिचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’; कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन; पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या 1000. हे दोघेही शिशाच्या शिपायांच्या फौजा मेजावर मांडून जुन्या लढाया पुन्हा लढणाऱ्या हौशी मंडळींपैकी होते. ज्या खेळात आजवर एक खेळाडू संबंध पलटणीचा सेनापती होत असे, त्या खेळात त्यांनी एका खेळाडूच्या वाट्यास एकच शिपाई दिला, त्या शिपायास नाव दिले, बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चापल्य आणि छाप हे त्याचे सहा गुण फासे टाकून ठरविण्याची रीत घालून दिली, आणि तो मरेपर्यंत, किंवा खेळाडू कंटाळेपर्यंत, त्याची कीर्ती व कमाई एका कागदावर नोंदवीत जाण्याची सोय केली. आज जगभर कोट्यवधी लोक जे रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम खेळतात, त्यांचे मूळ दप्तर म्हणजे हा कागद होय. पात्राच्या लिंगाविषयी त्या आरंभीच्या नियमांत काही विशेष बंदोबस्त नव्हता. पहिल्या पुस्तिकेचे नावच ‘मेन अँड मॅजिक’ असल्यामुळे तो करण्याची गरज कोणास भासली नसावी.

ती गरज लवकरच उत्पन्न झाली. खेळ जसजसा पसरू लागला, तसतशा त्याच्या मेजाभोवती स्त्रियाही येऊन बसू लागल्या, आणि आपले पात्र स्त्री असावे की पुरुष हा प्रश्न त्यांच्याप्रमाणेच पुरुष खेळाडूंसही पडू लागला. कारण जो मनुष्य स्वतःस घटकाभर जादूगार, ठेंगू किंवा चोर मानावयास राजी असतो, त्याने घटकाभर स्त्री होऊन पाहावे यात तत्त्वतः काहीच अडचण नसते. अडचण होती ती नियम लिहिणाऱ्यांची. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत पात्राच्या कागदावरील लिंगाचा हा रकाना आपल्या मर्जीप्रमाणे भरण्याची मुभा खेळाडूस बहुधा मिळत गेली, परंतु त्या मुभेवर कोठे ना कोठे एक पट्टी बसविलेली असे; कधी ती फाशांच्या आकड्यांत वसूल होई, कधी इतर खेळाडूंच्या संशयात, तर कधी कंपनीच्या अंदाजपत्रकात. ही पट्टी कोणी बसविली, कोणी भरली आणि ती उठत गेली कशी, याची ही हकीकत आहे.

पहिली छापील तजवीज 1976 च्या ऑक्टोबरमधील आहे. ‘द ड्रॅगन’ या, गायगॅक्स यांच्याच कंपनीकडून निघणाऱ्या नियतकालिकाच्या तिसऱ्या अंकात, लेन लाकोफ्का या गृहस्थांनी स्त्रीपात्रांसाठी नियमांचा एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. स्त्रियांनी या खेळात यावे अशीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी लपविलीही नाही. परंतु मसुदा कसा होता? पुरुषपात्राचे बळ सहा पैलूंचे तीन फासे टाकून ठरे, म्हणजे दैव प्रसन्न झाल्यास ते 18 पर्यंत जाई. स्त्रीपात्रासाठी त्यांनी आठ पैलूंचा एक व सहा पैलूंचा एक असे दोनच फासे सांगितले, म्हणजे दैव कितीही प्रसन्न झाले तरी तिने 14 ची हद्द ओलांडू नये. ‘छाप’ हा गुण तिच्या कागदावरून काढून तेथे ‘सौंदर्य’ हा नवा गुण घातला, आणि पुरुषांस भुरळ पाडण्याच्या विद्या तिच्या पदरात टाकल्या. बळात जे कापून घेतले त्याची नुकसानभरपाई मिळाली खरी, पण ती अशा नाण्यात, की जे पुरुषांच्याच बाजारात चालावे. गुहेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या राक्षसी अजगरापुढे त्या नाण्याचा उपयोग काय, याचा विचार मसुद्यात आढळत नाही.

तो मसुदा मसुदाच राहिला. पण बळाविषयीचे त्याच विचाराचे कलम, काहीसे सौम्य होऊन, 1978 साली गायगॅक्स यांच्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या ग्रंथात कायद्याच्या रूपाने अवतरले. ‘अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या सुधारलेल्या खेळाचा हा प्रमाणग्रंथ. त्यात असा शिरस्ता होता की, योद्धा वर्गातील ज्या पात्रास बळाचे 18 गुण पडतील, त्याने पुढे शंभरांचा आणखी एक फासा टाकावा आणि त्या अंकाप्रमाणे त्याचे असामान्य बळ मोजावे. पुरुषास तो अंक 100 पर्यंत घेता येई. मानवी स्त्रीस 50 वर थांबावे लागे. फरक केवळ कागदी नव्हता: 100 च्या पुरुषाचा प्रत्येक घाव सहा गुणांनी वाढे, 50 च्या स्त्रीचा तीनच गुणांनी. निरनिराळ्या काल्पनिक वंशांचेही असेच कोष्टक दिले होते. ‘हाफलिंग’ नावाच्या ठेंगू लोकांतील पुरुषाची हद्द 17, स्त्रीची 14. आणि गंमत अशी की अर्ध्या ऑर्कच्या, म्हणजे अर्ध्या राक्षसाच्या कुळातील स्त्रीस 75 पर्यंत जाण्याची परवानगी होती. आपल्या जातीच्या स्त्रीस जे नाकारावयाचे ते परकीय जातीच्या स्त्रीस सहज देऊन टाकावे, हा न्याय काही या ग्रंथकर्त्यांनी नव्याने शोधून काढलेला नाही.

या कलमाच्या वसुलीचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडलेला दिसत नाही, आणि तो मांडण्यासारखा आहे. तीन फाशांवर 18 पडण्याचा योग 216 वेळांत एकदा येतो, आणि त्यानंतर शंभरांच्या फाशावर 50 च्या पलीकडे जाण्याचा योग त्याच्याही निम्म्याने. म्हणजे जुन्या पद्धतीने स्त्रीयोद्ध्यांची 432 पात्रे तयार केली, तर त्यांतील सरासरी एकीस या हद्दीचा प्रत्यक्ष उपसर्ग पोहोचावयाचा. पुढे फासे टाकण्याच्या अधिक उदार पद्धती आल्या, त्या जमेस धरल्या तरी प्रमाण तुटपुंजेच राहते. ज्या पट्टीचे उत्पन्न इतके नगण्य, ती बसविण्याचा हट्ट ग्रंथकर्त्यांनी का धरावा? उत्तर उघड आहे. उत्पन्नाची त्यांना गरजच नव्हती. वेशीवर नाका उभा असावा, एवढेच हवे होते. ज्या खेळात मनुष्य तोंडातून शब्द काढून अग्नीचा वर्षाव करतो, तेथे स्त्रीचे दंड पुरुषाच्या दंडांहून बारीक असतात हे मात्र वास्तव म्हणून सांभाळले जावे, ही त्या काळच्या वास्तववादाची गंमत होती.

मेजावरच्या खेळाचा एक मोठा गुण असा की, तेथील कायद्यास माणसाचा चेहरा असतो. खेळ चालविणारा, ज्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात, तो कलम वाचतो, समोर बसलेल्या मैत्रिणीकडे पाहतो, आणि ‘जाऊ दे’ म्हणून ते बाजूस सारू शकतो; तसे कित्येक ठिकाणी घडलेही असले पाहिजे. ज्यांच्या ठिकाणी घडले नाही त्यांच्या तक्रारी नियतकालिकाच्या कचेरीत पोहोचत. 1979 मध्ये कंपनीने जीन वेल्स या बाईंस खेळांच्या रचनाविभागात घेतले, आणि त्या विभागातील त्या पहिल्या स्त्री ठरल्या. 1980 च्या जुलैत, 39 व्या अंकात, त्यांनी व संपादकवर्गातील किम मोहन यांनी मिळून, स्त्रियांस समानता हवी आहे आणि ती का असू नये, असा रोखठोक मथळा असलेला लेख लिहिला. बळाच्या हद्दीइतकाच त्या लेखातील स्त्रियांचा रोष बाजारात मिळणाऱ्या शिशाच्या पुतळ्यांवर होता, कारण चिलखत घातलेला पुरुष शेकड्यांनी मिळे, पण अंगभर वस्त्र असलेली स्त्री मिळविण्यास दुकाने पालथी घालावी लागत. कायदा बदलण्यास त्यानंतरही नऊ वर्षे गेली. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत लिंगभेदावर आधारलेली बळाची हद्द काढून टाकण्यात आली. त्याच ग्रंथाच्या आरंभी एक टीप आहे, तीत सर्वत्र पुल्लिंगी सर्वनाम वापरल्याबद्दल खुलासा करून, शतकांच्या वापराने ते सर्वनाम लिंगहीन झाले आहे, असे आश्वासन स्त्रीवाचकांस दिलेले आढळते. एका दारातून पट्टी उठवून दुसऱ्या दारात समजूत घालण्याचा हा प्रकार पाहून हसू येते. पण उठली ती पट्टी खरी होती, हेही विसरता कामा नये.

दरम्यान हा खेळ यंत्रात शिरला होता, आणि यंत्रास चेहरा नसतो. 1983 च्या ‘अल्टिमा 3’ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी पात्राच्या कागदावर पुरुष व स्त्री यांच्याबरोबर ‘इतर’ असा तिसरा पर्याय ठेवला होता. चाळीस वर्षांनी ज्यावरून रणे माजली ती गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षातही आली नाही, याचे कारण बहुधा हे की, त्याच कागदावर ‘बॉबिट’ आणि ‘फझी’ असे प्राणीही वंश म्हणून निवडता येत होते. परंतु 1988 साली ‘पूल ऑफ रेडियन्स’ हा गेम निघाला, तो 1978 च्या प्रमाणग्रंथाचा इमानी अनुवाद होता, आणि त्या इमानात बळाची हद्दही आली. आता मैत्रिणीकडे पाहून ‘जाऊ दे’ म्हणणारे कोणी उरले नाही. मानवी स्त्रीयोद्ध्याचा आकडा 18 आणि 50 यांवर पोहोचला की यंत्र तेथेच थांबे. पुढच्याच वर्षी ग्रंथातील कलम रद्द झाले, पण विकल्या गेलेल्या तबकड्यांतील रद्द झाले नाही. छापील कायदा दुरुस्त होतो तेव्हा जुनी प्रत रद्दीत जाते. यंत्रात ओतलेला कायदा मात्र, ज्याच्या घरी ते यंत्र आहे त्याच्या घरी, अंमल करीत राहतो.

आकड्यांतली पट्टी ही अशी होती. दुसऱ्या प्रकारची पट्टी इंग्लंडात बसली, आणि तीत नियमांचा काहीच दोष नव्हता. 1978 च्या शरदात, एसेक्स विद्यापीठाच्या डीईसी कंपनीच्या पीडीपी-10 या मोठ्या संगणकावर, रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचे एक जग रचण्यास आरंभ केला, आणि 1980 पासून त्याचा कारभार रिचर्ड बार्टल या त्याच्या सहाध्यायाकडे आला. या जगात चित्र नव्हते. होती ती केवळ वाक्ये. पण एकाच वेळी अनेक माणसे निरनिराळ्या ठिकाणांहून त्यात शिरू शकत आणि एकमेकांस भेटू शकत, ही गोष्ट नवी होती. रात्री विद्यापीठाचा संगणक रिकामा असे तेव्हा बाहेरच्या लोकांसही टेलिफोनच्या तारेने आत येण्याची मुभा होती. दाराशी यंत्र दोन गोष्टी विचारी, नाव आणि लिंग. उत्तरावर बळाची काहीच कपात नसे. फरक पडे तो बिरुदांत, म्हणजे पुरुषपात्र हीरो होई तेथे स्त्रीपात्र हिरॉइन होई, आणि सर्वोच्च पदास पोहोचलेला पुरुष ‘विझर्ड’ तर स्त्री ‘विच’ म्हणविली जाई. हे सर्वोच्च पद मिळविणे सोपे नव्हते. रात्रीमागून रात्री जागून, इतरांच्या हातून अनेकदा मरून, तेथे पोहोचावे लागे.

‘स्यू’ नावाची एक विच या जगात झाली. तिची हकीकत बार्टल यांनी पुढे लिहून ठेवली आहे, आणि ज्यांनी या विषयावर काही वाचले आहे त्यांस ती ठाऊक असते. स्यू मनमिळाऊ होती, नवख्यांस मदत करी, आणि इतर खेळाडूंस टपालाने लांबलचक पत्रे लिही. त्यांपैकी कित्येकांशी तिचा पत्रव्यवहार इतका जिव्हाळ्याचा झाला की तिचे छायाचित्रही त्यांच्या संग्रही होते. मग एके दिवशी, नोकरीसाठी परदेशी जात असल्याचे कळवून, तिने निरोप घेतला. मित्रमंडळींस चैन पडेना. पत्ता शोधीत ती तिच्या घरी जाऊन थडकली, तेव्हा दार उघडणाऱ्या बाईकडून कळले की, स्यू म्हणजे तिचा नवरा, आणि तो सरकारी खात्याच्या फसवणुकीच्या प्रकरणात तुरुंगात आहे. आमच्याकडे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नारायणराव राजहंसांची भामिनी पाहावयास जाणारा प्रेक्षक तिकीट काढतानाच हे जाणून असे की शालूच्या आत कोण आहे, आणि त्या जाणिवेमुळे त्याच्या आनंदास उणेपणा येत नसे. एसेक्सच्या त्या जगास जाहिरातही नव्हती आणि नांदीही नव्हती, म्हणून तेथे जो आनंद होता त्याच्या पोटी पश्चात्ताप निघाला. बार्टल यांच्या हकिकतीतील लक्षात ठेवण्याजोगा भाग असा की, मंडळींस राग आला त्याहून अधिक दुःख झाले. फसवणुकीपेक्षा, जिच्याशी मैत्री होती ती मैत्रीणच नाहीशी झाली, याचे.

अशा प्रकरणांनी पुढच्या काळातील स्त्रीपात्रांवर एक कायमची चौकशी लावून दिली. अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात पावेल कर्टिस यांनी 1990 च्या ऑक्टोबरअखेर ‘लॅम्डामू’ नावाचे याच जातीचे, पण लढायांऐवजी सहवासासाठी निर्मिलेले जग उघडले. तेथील लिंगाच्या रकान्यास पर्यायांची एक लांबलचक यादीच होती: पुरुष, स्त्री, नपुंसक, दोहोंपैकी कोणतेही, अनेकवचनी, राजेशाही थाटाचे ‘आम्ही’, आणि मायकेल स्पिव्हाक या गणितज्ञाच्या पुस्तकातील सर्वनामांवरून घेतलेले ‘स्पिव्हाक’ लिंग. पर्याय एकदा निवडला की यंत्र त्या पात्राविषयीच्या प्रत्येक वाक्यात तेच सर्वनाम योजी. इंग्रजी भाषेत हे शक्य झाले, कारण तीत बोलणारा स्वतःविषयी बोलताना लिंग उघड करीत नाही. मराठीत ज्यास ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी एक म्हटल्यावाचून उंबरठाही ओलांडता येत नाही, त्याने लॅम्डामूमध्ये स्पिव्हाक होऊन राहणे किती दिवस निभावले असते, याची कल्पनाच करावी.

कर्टिस यांनी 1992 मध्ये आपल्या या वसाहतीचे जे निरीक्षण लिहिले, त्यात यादीच्या लांबीपेक्षा लोकांचे वर्तन अधिक बोलके आहे. खेळणारे बहुतेक पुरुष होते आणि बहुतेक पुरुष म्हणूनच वावरत. स्त्री म्हणून वावरणाऱ्या पात्रास मात्र दोन गोष्टी हमखास भेटत: न मागितलेली मदत आणि न मागितलेली लगट, त्यातही जे स्त्रीपात्र अतिशय शृंगारिक भाषेत नटलेले असे, त्याच्या मागे बहुधा पुरुषच असतो, असा अनुभव त्यांनी नमूद केला आहे. पुढल्या वर्षी एमी ब्रुकमन या संशोधिकेने इंटरनेटवरील या लिंगबदलावर निबंध वाचला, त्यातही हेच चित्र आहे, की स्त्रीपात्रास वाट दाखविणारे, वस्तू देणारे पुष्कळ, आणि त्या देणगीच्या बदल्यात काहीतरी अपेक्षिणारेही तितकेच. ज्या पुरुषांनी ही भूमिका घेतली त्यांस, आयुष्यात प्रथमच, रस्त्याने सरळ चालत असता वारंवार अडविले जाणे म्हणजे काय, हे कळले. आणि खऱ्याखुऱ्या स्त्रियांस, ‘तू खरोखर बाई आहेस काय’ या प्रश्नास रोज दाखले देत बसावे लागले, तेव्हा त्यांतील काही पुरुषाचे नाव घेऊन निर्धास्त हिंडू लागल्या.

याच लॅम्डामूमध्ये घडलेले बंगलचे प्रकरण 1993 च्या डिसेंबरात ज्युलियन डिबेल यांनी ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात लिहिले, आणि ते गाजले. बंगल नावाच्या पात्राने एका युक्तीच्या साधनाने इतर पात्रांच्या नावे अश्लील व हिंसक कृत्यांची वाक्ये सर्वांसमक्ष उमटविली. पीडितांपैकी एक स्त्रीपात्र होते. दुसरे ‘लेग्बा’ नावाचे, मुद्दामच अनिश्चित लिंगाचे. लिंगाच्या रकान्यात काहीच निश्चित लिहिले नाही म्हणून संरक्षण मिळते, अशी ज्यांची समजूत होती त्यांची ती त्या रात्री गेली. सभा भरली, तासन्‌तास वाद झाला, निर्णय झाला नाही. शेवटी एका व्यवस्थापकाने आपल्या अखत्यारीत बंगलचे पात्र नष्ट केले, आणि त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज, मतदान व लवाद यांची रीतसर पद्धत घालून दिली. वाक्यांच्या त्या वसाहतीस राज्यघटना मिळाली ती अशा निमित्ताने.

चित्रे आली आणि प्रश्नाचे रूप पालटले. 1997 च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’, 1999 च्या ‘एव्हरक्वेस्ट’ आणि 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमांत हजारो, पुढे लाखो लोक एकाच नगरात वावरू लागले, आणि स्त्रीपात्र दिसले म्हणजे त्यामागे स्त्री असेलच हे गृहीत धरण्याची सवय हळूहळू सुटली. पुरुषांनी स्त्रीपात्र घेणे इतके रुळले की त्याचे ठरावीक कारणही रुळले: तासन्‌तास कोणाच्या तरी पाठीकडेच पाहावयाचे आहे, तर ती पाठ सुंदर का असू नये. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मुद्दाम रचलेल्या एका मोहिमेवर 375 खेळाडू नेऊन त्यांचे निरीक्षण करण्यात आले, तेव्हा पुरुषांतील 23 टक्क्यांनी स्त्रीपात्र घेतले होते व स्त्रियांतील 7 टक्क्यांनी पुरुषपात्र, स्त्रीरूप घेतलेले पुरुष बोलण्यात भावनादर्शक शब्द व उद्गारचिन्हे अधिक वापरीत, पात्र निवडताना लांब केसांचे, रूढ सौंदर्याचे निवडीत, पण चालण्याची लकब मात्र त्यांची त्यांना सोडवत नसे, उड्या मारणे, घोळक्यापासून अंतर राखून उभे राहणे, मागे मागे सरकणे हे इतर पुरुषांसारखेच चाले. भाषा बदलता येते, अंगवळण बदलत नाही. नटवर्गास ही गोष्ट नवी नाही. सत्तेस मात्र हा मोकळेपणा सर्वत्र मानवला असे नव्हे. 2007 साली चीनमधून असे वृत्त प्रसिद्ध झाले की, एका ऑनलाइन गेमच्या चालकांनी स्त्रीपात्र खेळणाऱ्यांनी कॅमेऱ्यापुढे येऊन आपण स्त्री असल्याची खातरजमा करून द्यावी, अन्यथा पात्र गोठविले जाईल, असे फर्मान काढले. एसेक्समध्ये मित्रांनी दार ठोठावले होते. येथे खुद्द दप्तरानेच ठोठावले.

तिसरी पट्टी पैशाची. पात्र बोलू लागले, धावू लागले, की प्रत्येक पर्यायास दुसरा आवाज, दुसरी हालचाल आणि दुसरे कपडे लागतात, आणि मग रकान्याची मुभा म्हणजे खर्चाची बाब होते. 2007 साली कॅनडातील एडमंटनच्या बायोवेअर या संस्थेने ‘मास इफेक्ट’ हा गेम काढला, त्यातील सेनानी शेपर्ड पुरुष घ्यावा की स्त्री हे खेळाडूवर सोपवून दोहोंचा संपूर्ण संवाद वेगवेगळा मुद्रित केला. पुरुषाचा आवाज मार्क मीर यांचा, स्त्रीचा जेनिफर हेल यांचा. हेलबाईंचे काम अनेकांस अधिक आवडले. तरी वेष्टनांवर, जाहिरातींत, दुकानांच्या फलकांवर पुरुष शेपर्डच उभा राहिला, आणि 2011 साली विक्रीविभागाच्या प्रमुखाने सांगितले की, स्त्री शेपर्ड घेणारे सुमारे 18 टक्केच आहेत. ज्याचे चित्र कोठेच लावलेले नाही त्यास मागणी कमी आहे, हा युक्तिवाद करणाऱ्यास आपण काय म्हणत आहो याची जाणीव बहुधा झाली असावी, कारण त्याच वर्षी स्त्री शेपर्डचा चेहरा कोणता असावा याचे जाहीर मतदान घेण्यात आले, तांबड्या केसांची शेपर्ड निवडून आली, आणि 2012 च्या तिसऱ्या भागाच्या वेष्टनास दोन्ही बाजू मिळाल्या, एकीवर तो आणि उलटीवर ती.

खर्चाचे कारण पुढेही पुष्कळ वेळा पुढे करण्यात आले. 2014 मध्ये ‘असासिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये अनेकांनी मिळून खेळताना स्त्रीपात्र का नाही असे विचारले असता, हालचालींचे काम दुप्पट झाले असते, असे उत्तर यूबीसॉफ्ट कंपनीकडून आले आणि त्याची यथेच्छ टवाळी झाली. चारच वर्षांनी त्याच मालिकेच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीसमधील भागात अलेक्सिओस किंवा कॅसँड्रा यांपैकी कोणासही घेऊन संबंध कथा खेळता येऊ लागली. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स या लहान संस्थेने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, त्यात निवड ठेवलीच नाही. डोंबाऱ्याच्या खेळातील मुलगीच नायिका केली, आणि थोड्या भांडवलात दोन अर्धवट पात्रांपेक्षा एक पूर्ण पात्र चांगले, हा त्यांचा व्यवहार मला तरी पटतो. निवड काढून घेण्याचा दुसरा प्रयोग ‘रस्ट’ या ब्रिटिश गेमने 2016 साली केला: प्रत्येक खेळाडूचे लिंग यंत्रानेच ठरवून कायम केले, अर्ज-विनंतीस वाव ठेवला नाही. पुष्कळ पुरुष एका सकाळी उठले ते स्त्री होऊन, आणि त्यांनी जो आरडाओरडा केला तो वाचताना असे वाटते की, 1976 च्या त्या मसुद्यास उत्तर द्यावयास कोणीतरी चाळीस वर्षांनी उभे राहिले. पण हा न्याय सूडाचा होता. रकाना भरण्याचा अधिकार कोणाकडूनच काढून घेण्याची गरज नव्हती.

2023 च्या ऑगस्टात आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’ मध्ये शरीराची ठेवण, आवाज आणि आपणास कसे संबोधावे, हे तीन प्रश्न तीन स्वतंत्र जागी विचारले जातात आणि कोणतेही उत्तर दुसऱ्यास बांधलेले नसते. हा गेम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच नियमांवर चालतो. बळाचा आकडा त्यातही आहे, पण या तिन्ही उत्तरांपैकी एकाचाही त्या आकड्याशी संबंध नाही. मास इफेक्टचे तिन्ही भाग 2021 साली नव्याने एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा मतदानातून निवडून आलेली ती तांबड्या केसांची स्त्री पहिल्या भागापासूनच घालण्यात आली. आणि त्या वर्षी बायोवेअरने खेळाडूंच्या निवडींचा जो तपशील जाहीर केला, त्यात स्त्री शेपर्डचा वाटा 32 टक्के निघाला. दहा वर्षांपूर्वीचा 18 चा आकडा वेगळ्या गेमच्या वेगळ्या गणतीचा होता, म्हणून दोहोंची वजाबाकी करण्याचा मोह आवरला पाहिजे. तरीही माझे मत असे की, वेष्टनाची उलटी बाजू छापण्यास जो खर्च आला, तो या पन्नास वर्षांत या रकान्यावर झालेल्या खर्चांपैकी सर्वांत कमी होता आणि तो पहिल्याच भागास करावयास हवा होता.